खड्डा वर, पाणी खाली

पगारे मॅडमच्या पर्समध्ये आरसा नव्हता, कंगवा नव्हता, मोबाईल सापडला तर नशीब. चाळीस फुटांची नळी मात्र हमखास असे. प्लास्टिकची, आरपार दिसणारी, बोटाएवढी जाड, गवंडी वापरतात ती. आत पाणी भरायचं, दोघांनी दोन टोकं धरायची, दोन्हीकडचं पाणी जिथे थांबेल ती एक पातळी. लेव्हलची नळी म्हणतात तिला. दोन जागांतली कुठली वर आणि कुठली खाली हे ओळखायला देवानं माणसाला डोळे दिलेत, पण मॅडमचा त्या डोळ्यांवर काडीचा भरवसा नव्हता. "डोळे फसतात. उतार खोटं बोलत नाही," असं त्या म्हणत, आणि म्हणताना समोरच्याकडे अशा बघत की आपण नक्की कशाबद्दल खोटं बोललो ते त्याला आठवायला लागे.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो. पेठ रोडला, शहर संपतं आणि टेकड्या दिसायला लागतात तिथं आमचं कॉलेज. त्या भूगोलाच्या. मराठी विभागाचं कॉलेजातलं खरं काम शिकवणं नसतं, अहवाल लिहिणं असतं. पाच रोपं लावली की त्याचं 'घनदाट वनीकरण' मी करायचो, तेही खुर्चीतून न उठता. अशी निदान सात अरण्यं माझ्या नावावर आहेत. मॅडम विद्यार्थ्यांना सांगत, "सरांचं भाषण जरूर ऐका, फक्त निम्म्यानं भागा." तुम्हीही भागायला हरकत नाही. पण मॅडमबद्दल जे सांगतो ते भागलं तरी बरंच उरतं.

बाई उंचीला पाच फूट. आवाज मात्र असा की पंचवटीत हजेरी घेतली तर सिडकोत कुणीतरी "प्रेझेंट मॅडम" म्हणावं. सुती साडी, ती घोट्याच्या वर खोचलेली, खाली कॅनव्हासचे बूट. केस पांढरे झाले तेव्हा रंगवले नाहीत, कारण रंग धुतल्यावर मोरीतून कुठं जातो ते त्यांना ठाऊक होतं. वडील गवंडी, आई त्यांच्या हाताखाली माल वाहायची. कॉलनीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत बुद्धाची मूर्ती होती आणि मूर्तीशेजारी वडिलांची थापी, घासून कागदासारखी पातळ झालेली. नळीही वडिलांचीच सवय. "अर्ध्या गंगापूर रोडचे बंगले माझ्या बापानं लेव्हलमध्ये आणले," त्या म्हणत, "राहणारे काही आले नाहीत."

प्रथम वर्षाच्या पहिल्या तासाला त्या पुस्तक उघडत नसत. एकच प्रश्न.

"सकाळी तोंड धुतलंस ना? ते पाणी कुठं गेलं?"

"मोरीत, मॅडम."

"मोरीतून?"

"गटारात."

"गटारातून?"

इथं वर्ग गप्प व्हायचा. एका वर्षी मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सरकारकडे." मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चल, बघू सरकार कुठं राहतं."

मग त्यांनी धुण्याची नीळ आणली, प्राचार्यांच्या केबिनमधल्या बेसिनमध्ये पुडाच्या पुडा ओतला, आणि साठ पोरं घेऊन त्या निळ्या पाण्यामागे चालत सुटल्या. चेंबर, गटार, रस्त्याखालचा पाइप, नाला. नाल्याला एका शेतकऱ्यानं मोटर लावली होती आणि ते पाणी मेथीच्या वाफ्यांत चाललं होतं. नीळ एवढी लांब टिकते का, असं आमचे रसायनवाले अजून विचारतात. मी मराठीचा, मला विचारू नका. पण मेथी कुणाची, ती कुठं विकली जाते, हे पोरांनी शेतकऱ्याला विचारलं तेव्हा कळलं की प्राचार्य देवरे सरांच्या घरी दर मंगळवारी जी जुडी जाते ती इथलीच. देवरे सरांनी मेथी सोडली ती सोडलीच. "बेसिनचं तोंड बंद करा," असाही एक तोंडी आदेश निघाला होता, तो शिपायाला कळला नाही.

तर अशा बाईच्या वाट्याला सरकारचा निधी आला.

झालं असं, की कॉलेजांतून शाश्वत विकासाचं शिक्षण द्यावं म्हणून सरकारनं एक योजना काढली. पर्यावरणाचा पेपर असतोच, पण तो पोरं आदल्या दिवशी वाचतात. हे वेगळं होतं. अभ्यासक्रम तुम्ही आखा, परिसरात काही करून दाखवा, पोरांना बाहेर न्या, पैसे आम्ही देतो. परिपत्रक आलं तसे स्टाफरूममध्ये सगळे एकदम निसर्गप्रेमी झाले. पण प्रस्ताव आठ पानांचा लिहायचा होता म्हटल्यावर तितक्याच वेगानं ते पूर्ववत झाले. उरल्या पगारे मॅडम.

प्रस्तावाला भाषेचा साज चढवायला त्यांनी मला बोलावलं असेल, असं मला वाटलं. त्यांनी मला बोलावलं ते कुठले शब्द काढायचे हे ओळखायला. मी एका पानात 'वसुंधरा' चौदा वेळा लिहिलं होतं. त्यांनी लाल पेननं चौदाच्या चौदा मारली. "वसुंधरा कुठं राहते हो सर? तिचा पत्ता द्या, तिथं जाऊ."

त्यांचा अभ्यासक्रम साधा होता. आमच्याकडे निम्मी पोरं पेठ-सुरगाण्याची, डोंगराळ पाड्यांवरची. इथं येऊन ती नळाच्या रांगेत पाण्याबद्दल शिकतात, आणि तिकडं त्यांच्याच आज्या पाण्याबद्दल जे जाणतात ते त्यांच्याबरोबर मातीत जातं. म्हणून पहिल्या हप्त्यात कॉलेजच्या आवारात पावसाचं पाणी जिरवण्याचा एक शोषखड्डा, पोरांनी मोजून, आखून केलेला. दुसऱ्या हप्त्यात दहा आठवडे पाड्यांवर मुक्काम, एसटीचं भाडं, आणि शिकवायला पेठजवळच्या पाड्यावरच्या सखुबाई भोये. शिक्षण: नाही. वय: सांगता येत नाही.

ऑफिसातून प्रस्ताव परत आला. सखुबाईंची शैक्षणिक अर्हता नमूद नाही, पूर्तता करावी. मॅडम स्वतः गेल्या, मला साक्षीदार म्हणून नेलं. टेबलामागचे साहेब सभ्य होते, फायलींनी गांजलेले होते.

"मॅडम, पदवी लागते. किमान काहीतरी."

"सखुबाईंच्या डोंगरात अकरा झरे आहेत," मॅडम म्हणाल्या. "कुठला होळीला आटतो, कुठला अक्षय तृतीयेला, आणि कुठला आटतच नाही, ते त्या न बघता सांगतात."

"असेल हो. पण रकान्यात काय लिहू?"

"तुमच्या ऑफिसात नळाला पाणी कुठून येतं?"

साहेबांनी वर छताकडे पाहिलं. "टाकीतून."

"टाकीत?"

साहेब शिपायाकडे बघायला लागले. शिपाई माझ्याकडे.

"मग रकान्यात लिहा," मॅडम म्हणाल्या, "की अर्जदार बाईंना इथल्या सर्वांपेक्षा एक गोष्ट जास्त येते."

खोलीतल्या पंख्यानंही लाजेनं वेग कमी केला. साहेबांनी चष्मा पुसला, आणि रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं, 'अनुभवी मार्गदर्शक.' आम्ही बाहेर पडताना ते हळूच म्हणाले, "बाई, पाणी धरणातूनच येतं ना?" मॅडम म्हणाल्या, "धरणात?" आणि निघाल्या.

निधी मंजूर झाला. पहिला हप्ता आला, आणि हप्त्यापाठोपाठ संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब आले.

आबासाहेब वाईट माणूस नव्हते. फक्त कुठलीही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसली नाही तर ती झाली असं त्यांना वाटत नसे. पोरांनी तीन आठवडे नळी घेऊन सगळं आवार मोजलं होतं. पाड्यावरून आलेली सुनंदा गावित त्यांची म्होरकी, बोलायला लाजरी, पण नळी हातात आली की गवंड्याला झिडकारणारी. त्यांनी जागा काढली ती मागच्या कोपऱ्यात, मुलींच्या वसतिगृहाशेजारी, चिंचेखाली. सगळ्या आवाराचं पाणी तिथंच येतं. वसतिगृहाची बोअर आटलेली, मार्चपासून मुली टँकरवर. पाणी तिथं जिरलं तर बोअरला फायदा. शेंबड्या पोराला कळावं असं गणित.

आबासाहेब नकाशा बघून म्हणाले, "मागं कशाला? मागं कोण बघतं? गेटपाशी घ्या. आल्या आल्या दिसलं पाहिजे."

"आबासाहेब, गेट सगळ्यात उंच आहे," मॅडम म्हणाल्या.

"मग काय झालं?"

"पाणी वर येत नाही."

देवरे सर मध्ये पडले. "पाण्याचं बघू आपण, मॅडम. खड्डा तर होऊ द्या."

आणि खड्डा झाला. गेटपाशी, आवाराच्या माथ्यावर, जिथून पावसाचा थेंबन् थेंब घाईघाईनं खाली पळून जातो तिथं. काय खड्डा होता म्हणून सांगू. आत दगडगोटे, वर जाळी, भोवती ग्रॅनाइटचा कठडा, आणि शेजारी कोनशिला. कोनशिलेवर एवढी नावं की पाणी हा शब्द लिहायला जागा उरली नाही. उद्घाटनाचा अहवाल मी लिहिला, लपवत नाही. 'गगनातून अवतरणारी अमृतधारा या कुंडात विसावेल,' असं काहीसं. मॅडमनी वाचला आणि लाल पेननं समासात एकच शब्द लिहिला, 'कशी?'

त्या वर्षीच्या पावसाळ्यात धो धो पाऊस पडला. चिंचेखाली गुडघाभर तळं साचलं. गेटच्या खड्ड्यात एक बेडूकही आला नाही.

मार्चमध्ये तपासणी समिती येणार असं पत्र आलं. दुसरा हप्ता तिच्या अहवालावर आणि मॅडमच्या सहीच्या प्रमाणपत्रावर अवलंबून होता. निधी ज्या कामासाठी घेतला त्याच कामी लागला, आणि काम उपयोगात आहे, अशा अर्थाचं ते प्रमाणपत्र. देवरे सरांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. मजकूर माझा असल्यामुळे मीही होतो.

"सही करून टाका, मॅडम," ते म्हणाले. खरंच काकुळतीनं म्हणाले. "नाही केली तर दुसरा हप्ता गेला. म्हणजे तुमचे पाडे गेले, तुमच्या सखुबाई गेल्या, पोरींचे दहा आठवडे गेले. माझं काय जाणार आहे? कठडा तर झाला."

पोरांनी आधीच एसटीच्या वेळा काढल्या होत्या. सुनंदाच्या पाड्यावर मुक्कामासाठी एक घर सारवून ठेवलं होतं. मॅडम कागद घेऊन उठल्या. "उद्या सांगते."

बाहेर व्हरांड्यात सुनंदा उभी होती. मॅडमनी तिच्यापासून काही लपवलं नाही. सही केली तर काय, नाही केली तर काय, सगळं सांगितलं. पोरगी बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत राहिली.

"मॅडम, यायला तर पाहिजे व्हतं सगळ्यांनी आमच्याकडं," ती म्हणाली. "पण सखुआजी इचारंल ना. आधी काय केलं म्हणून इचारंल. तवा तिला काय सांगायचं? वर खणला?"

मॅडमनी पर्समधून नळी काढली, ताजं पाणी भरलं, दोन्ही टोकांना गाठ मारली. एवढंच.

समितीच्या दिवशी सकाळी सहाला टँकर आला. शोषखड्ड्यात पाणी दिसलं पाहिजे ना. टँकर ओतला, खड्डा काठोकाठ, वर झेंडूच्या पाकळ्या. देवरे सर घरी अंघोळीला गेले. पण आबासाहेबांचा ठेकेदार एका बाबतीत प्रामाणिक निघाला होता, खड्डा त्यानं पाणी जिरवायला म्हणून खरोखर उत्तम बांधला होता. आठ वाजता पाणी गायब. पाकळ्या तळाशी. दुसरा टँकर. साडेनऊला तोही गायब. 'पाणी मुरतंय' हा वाक्प्रचार मी आयुष्यभर शिकवला, मुरताना त्या दिवशी पाहिला. तिसरा टँकर गेटमध्ये आडवा उभा राहून ओततच होता, आणि मागून समितीच्या गाडीनं हॉर्न दिला.

समितीचे प्रमुख दुसऱ्या विद्यापीठातले वयस्क प्राध्यापक. सफारी, हातात पाण्याची बाटली, चेहरा असा की आयुष्यात कुठलाच शिरा त्यांना गोड लागला नसावा. खाली उतरले. टँकर पाहिला, खड्डा पाहिला.

"हा टँकर?"

"बागेसाठी," देवरे सर म्हणाले.

"बाग कुठाय?"

बाग माझ्या अहवालात होती. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो.

प्रमुखांनी विचारलं, "समन्वयक कोण?" मॅडम पुढं झाल्या. सगळ्यांना वाटलं, आता बाई सगळं ओकणार. बाईंनी पर्समधून नळी काढली, गाठी सोडल्या, एक टोक प्रमुखांच्या हातात दिलं. "सर, हे इथं धरा. कठड्याला टेकवून. हलवू नका." माणूस गोंधळला, पण आयुष्यभर इतरांना परीक्षेला बसवणारा माणूस स्वतः बसायची वेळ आली की फार आज्ञाधारक होतो. त्यांनी धरलं.

दुसरं टोक घेऊन सुनंदा उताराला लागली. चाळीस फुटांवर थांबली. पाण्याची पातळी जुळवायला तिला टोक छातीपर्यंत उचलावं लागलं. एका पोरानं काठी रोवून खूण केली. मग प्रमुखांना तिथं आणलं, पुन्हा धरायला लावलं, सुनंदा पुढं. पुन्हा छातीपर्यंत. असं करत समिती, प्राचार्य, आबासाहेब, कॅमेरावाला आणि शिरा घेऊन मागं धावणारा शिपाई अशी वरात चिंचेपर्यंत पोचली. तिथं मॅडमनी सगळ्या खुणांची बेरीज केली आणि सुनंदाला सांगितलं, "गेटच्या खड्ड्याचा काठ कुठं येतो ते दाखव." सुनंदा वसतिगृहाच्या भिंतीशी गेली. हात वर केला. पुरला नाही. बाकावर चढली. पुरला नाही. शेवटी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एका मुलीनं ओली चड्डी वाळत घातलेली काठी खाली दिली, तिचं टोक सुनंदानं सज्जाला टेकवलं.

"इथं," ती म्हणाली.

"म्हणजे सर," मॅडम प्रमुखांना म्हणाल्या, "इथलं पाणी तिथं जायचं तर त्याला एक शिडी लागेल. प्रस्तावात शिडी नव्हती."

आबासाहेबांनी आकाशाकडे बघितलं. प्रमुखांनी नळीकडं बघितलं, अजून त्यांच्याच हातात होती. मग त्यांनी प्रमाणपत्र मागितलं. मॅडमनी दिलं. माझा छापील मजकूर आडव्या रेघेनं खोडलेला आणि खाली गोल अक्षरात, लाल शाईत: 'निधी खर्च झाला. काम झाले. चुकीच्या जागी झाले. खड्डा वर आहे, पाणी खाली आहे. दुसरा हप्ता पोरांच्या शिक्षणाचा आहे, तो द्यावा. नाही दिला तरी हेच खरे आहे.' खाली सही.

मी उभ्या आयुष्यात एवढा लहान अहवाल वाचलेला नव्हता.

दुसरा हप्ता आला नाही. 'विचाराधीन' असं उत्तर आलं, आणि विचार अजून चालू आहे. मॅडमचं समन्वयकपद गेलं. वेळापत्रकात त्यांना सकाळी सातचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा तास मिळाला, मधले सहा तास परीक्षा विभागात गठ्ठे बांधायचं काम. शिक्षा करायची तर अशी करावी की तक्रारीला जागा राहू नये, यात आमची संस्था निष्णात. मॅडमनी तक्रार केली नाही. गठ्ठ्याची सुतळी त्या अशी आवळत की विद्यापीठात ती सोडायला माणूस नेमावा लागला म्हणतात.

पण पाड्यावर जाणं राहिलं ते राहिलं. पोरं हिरमुसली. मग एके शनिवारी काय झालं, गेटपाशी एसटी थांबली आणि तिच्यातून एक वाळक्या शेंगेसारखी म्हातारी उतरली. डोक्यावर नागलीचं गाठोडं. सखुबाई भोये. "पोरी येत नाय तं म्यां आले," म्हणाली. बसायला कुठं बसणार, समोर ग्रॅनाइटची कोनशिला होती, तिच्यावरच चढून बसली. सगळ्या मान्यवरांवर. पोरं भोवती जमली. शेजारचा कोरडा खड्डा तिनं वाकून बघितला, जाळीतून आत हात घातला, दगड कोरडे लागले.

"हा कोणी खणला?"

"संस्थेनं," कुणीतरी म्हणालं.

"संस्था कदी डोंगराव राहिली नाय का?" म्हातारीनं विचारलं, अगदी कळवळून. आणि मग तिनं शिकवायला घेतलं. कुठलं झाड ओलीला असतं, मुंग्या बिळं कुठं उचलतात, सकाळी धुकं कुठं जास्त वेळ बसतं. दोन तास. देवरे सर केबिनच्या खिडकीत उभे होते. कोनशिलेवरून उतरवा असं सांगायला त्यांनी शिपायाला पाठवलं. शिपाईही पेठचाच. तो जाऊन पुढच्या रांगेत बसला.

त्याच उन्हाळ्यात पोरांनी चिंचेखाली खणायला सुरुवात केली. कुदळी घरून, घमेली मॅडमच्या वडिलांची. सातच्या तासाआधी तासभर, रोज. आबासाहेब स्वतः गाडी घेऊन मागं आले, ते बहुधा आयुष्यात पहिल्यांदा.

"पगारेबाई, परवानगी कुणी दिली?"

"उतारानं," मॅडम म्हणाल्या, आणि घमेलं त्यांच्यासमोरून पुढं दिलं.

कठडा नाही, जाळी गावच्या लोहारानं केलेली वाकडी, शिला नाही. पुढच्या मार्चला टँकरवाला सवयीनं मागच्या फाटकाशी आला आणि मुलींनी त्याला परत पाठवला. बोअरला करंगळीएवढी का होईना धार होती. करंगळी म्हणजे करंगळीच, मी वाढवत नाही.

आता खरी गंमत. करंगळीची बातमी आबासाहेबांपर्यंत गेली. त्यांनी ठरवलं, गेटची कोनशिला उचलून चिंचेखाली न्यायची, निधीचं काम म्हणून तेच दाखवायचं. कामगार आले, पहार लावली. मॅडम परीक्षा विभागातून धावत आल्या, हातात सुतळी तशीच. "दगडाला हात लावायचा नाही."

"अहो मॅडम, तुमचंच काम मोठं होतंय," देवरे सर म्हणाले.

"काम कुठल्या दगडानं मोठं होत नाही. आणि हा दगड मला शिकवायला लागतो. चूक दिसली पाहिजे पोरांना. पुसलीत की पुढच्या वर्षी पुन्हा कराल."

कोनशिला तिथंच राहिली. प्रथम वर्षाचा पहिला तास तेव्हापासून तिथं होतो. नीळ वाचली.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी निरोप समारंभात भाषण ऐकून घेतलं, माझंच होतं, आणि निम्म्यानं भागल्यासारखं मानेनं मोजत राहिल्या. शाल मिळाली, तिच्यात त्यांनी नळी गुंडाळली, उन्हानं चिरते म्हणून. सुनंदा तोवर एम.ए.ला होती, रडत होती. म्हणाली, "मॅडम, नळी आमच्याकडं ठेवा ना, आठवण." मॅडम म्हणाल्या, "हार्डवेअरच्या दुकानात मिळते. घे जाऊन."

मग माझ्याकडे वळल्या. त्या वर्षी सरकारची आणखी एक योजना आली होती, हरित परिसराची. तिचे पेव्हर ब्लॉक आमच्या मराठी विभागासमोर नुकतेच बसले होते, राखाडी, चकचकीत, रस्ता हातभर उंच करून. "सर, हे टोक धरा. वीस वर्षांत एकदा तरी धरा."

मी विभागाच्या दाराशी उकिडवा बसून टोक धरलं. त्या चाळीस फुटांवर, ब्लॉकच्या कडेला. नळीतलं पाणी डचमळलं, वर गेलं, खाली आलं. एवढा वेळ गप्प बसण्याची मला सवय नव्हती.

"थांबलं का?"

"थांबलं."

मॅडमनी माझ्याकडे येऊन दाराच्या आतल्या भिंतीवर खडूनं एक रेघ मारली, जमिनीपासून हातभर. "मोठ्या पावसात इथवर येईल. ब्लॉकनी वाट अडवलीय. कपाट वर घ्या." मग त्या परत आपल्या टोकाशी गेल्या, स्कूटर तिथंच होती, आणि नळी गुंडाळायला लागल्या. माझ्या बोटांतून टोक निसटलं आणि फरशीवरून सळसळत त्यांच्याकडे निघून गेलं. त्यांनी पर्सची चेन ओढली, स्कूटरला किक मारली. घर उजवीकडे होतं. त्या डावीकडे वळल्या, पेठच्या दिशेला. शालीचा एक शेव पर्समधून बाहेर फडफडत होता, तेवढा वळणापर्यंत दिसला.

कपाट मी वर घेतलं नाही. कोण उचलणार?

ऑगस्टमध्ये एक दिवस आणि एक रात्र पाऊस पडला. सकाळी दार उघडलं तर विभागात पाणी. कपाटाचा खालचा कप्पा बुडालेला. वीस वर्षांचे अहवाल त्यात. सात अरण्यं, अमृतधारा, सगळ्या वसुंधरा, लगदा होऊन दारातून बाहेर चाललेल्या. मी भिंतीकडं बघितलं. पाणी रेघेला टेकून उभं होतं. वर नाही, खाली नाही.

फोन लावला. मागं कोंबड्यांचा आणि सखुबाईचा आवाज येत होता.

"मॅडम, पाणी आलं."

"किती?"

"रेघेपर्यंत."

मला वाटलं, बाई आता म्हणणार, सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "आणि इथून पुढं कुठं चाललंय?"

"ते नाही बघितलं."

"मग फोन काय करताय, सर? बघा जाऊन."

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माझ्या अहवालांमागं पाण्यात उतरलो.